वसुधाचं रडणं

हेमावती रडली की सोलापूरच्या बाळीवेशीतली अर्धी गल्ली तिच्या बाजूची व्हायची. का रडली, कुणामुळं रडली, हे मागाहून. आधी कुणी तरी "अगं बाई गं" म्हणून तिला जवळ घ्यायचं, कुणी तरी पाठीवरून हात फिरवायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून एक गुन्हेगार शोधायचा. त्या वर्षी तो गुन्हेगार म्हणजे शिवबाई, तिची थोरली जाऊ.

शिवबाईला रडायला यायचं नाही. ओरडायला यायचं. देवानं गळाच असा दिला होता की ती नवऱ्याला नुसतं "जेवायला या" म्हणाली तरी शेजारचे लोक भांडण लागलं म्हणून दारात येऊन उभे राहायचे. असल्या गळ्यानं खरं बोलून तरी काय उपयोग? खरं ओरडणारीपेक्षा खोटं रडणारी लोकांना लवकर पटते, हे शिवबाईला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तेही लेकीचं लग्न जमवताना.

त्यांच्या लोकांत एक रीत होती. पोरगी बघायला आलेली मंडळी पोरीच्या आईला काही विचारत नसत. आई काय, सोनंच सांगणार. विचारायचं ते चुलतीला. चुलती एका चुलीवर वावरलेली असते, तिनं पोरगी हसताना बघितलेली असते, चिडताना बघितलेली असते, आणि पोटची नसल्यामुळं ती झाकून ठेवणार नाही असा सगळ्यांचा हिशेब. म्हणून पोहे झाले की मुलाकडची जाणती बाई चुलतीला स्वयंपाकघरात गाठायची आणि हळूच विचारायची, "पोरगी कशी हाय? खरं सांगा." चुलती "करा बिनघोर" म्हणाली की बाहेर विडा उचलायचा. झालं लग्न पक्कं.

शिवबाईच्या लेकीला, महानंदाला, माढ्याहून मास्तराचं स्थळ आलं होतं. मुलगा हसरा, घरी थोडी शेती, कुठं नाव ठेवायला जागा नाही. पोहे झाले, पोरगी पसंत पडली, आणि मुलाची आत्या हेमावतीला घेऊन चुलीपाशी गेली.

"मी काय सांगू?" हेमावती म्हणाली. "पोरगी आमचीच हाय की. जिथं जाईल तिथं शिवानं तिला सुखात ठिवावं." एवढं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला आणि असे हुंदके द्यायला लागली की आत्याबाईचा चेहराच उतरला. एक वाईट शब्द नाही. एक चांगला शब्दही नाही. माढ्याची मंडळी विडा तसाच ताटात ठेवून मोटारस्टँडकडं चालायला लागली.

त्या मास्तरावर हेमावतीनं आपल्या धाकट्या बहिणीसाठी डोळा ठेवला होता, हे पुढं उघड झालं. तिचंही तिथं जमलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण शिवबाईनं कुठं पुढचं बघत थांबायचं! त्याच दुपारी तिनं हेमावतीला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर ओढलं आणि गल्लीदेखत एक ठेवून दिली. इथंच ती हुकली. हेमावती भिंतीला टेकून रडत बसली आणि बायका म्हणाल्या, "पोरीला आशीर्वाद दिला म्हनून मार खाल्ला बिचारीनं. कैदाशीण हाय ती थोरली."

महानंदा एक शब्द बोलली नाही. आत बसून उरलेले पोहे डब्यात भरत राहिली. तिचं ते गप्प राहणं शिवबाईच्या काळजात जाऊन बसलं. तिनं तेव्हाच ठरवलं. हेमावतीचं घर मोडायचं नाही, हातपाय मोडायचे नाहीत. तिचं रडणं मोडायचं. ही बया ऊर बडवून रडतीया आणि एकही बाई मान वर करून बघत नाही, एवढं एकदा ह्या डोळ्यांनी बघायचं. मग मरण आलं तरी चालेल.

पण ठरवून काय होतं? गल्लीत तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

गंगम्माची खानावळ वेशीच्या तोंडाशी होती. दुपारची जेवणं उरकली की मागच्या परसात आठ-दहा बायका कडक भाकरी करायला बसत. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, मग निखाऱ्याशी उभी करून कुरकुरीत होईतो वाळवायची. हात चालू असले तरी तोंडं मोकळीच. दोघी जावा तिथंच कामाला, पण त्या मारापासून एक ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला. बायका हेमावतीशी बोलत. शिवबाईशी तवा बोलायचा.

तेवढ्यात टीव्ही आला. सोलापुरात नव्हे हो! सोलापुरात तेव्हा टीव्ही कुणी बघितलाही नव्हता. पण शिवबाईचा नवरा संगप्पा मालगाडीवर गार्ड, पुण्याला मुक्काम पडला की मावसभाऊ पंचाक्षरीकडं उतरायचा, आणि पंचाक्षरीनं टीव्ही घेतला होता. त्यावर दर आठवड्याला एक नाटक तुकड्या-तुकड्यानं दाखवत. आणीबाणी चालू होती, गाड्या वेळेवर धावत होत्या, त्यामुळं संगप्पा बहुतेकदा बरोबर नाटकाच्या वेळेला पंचाक्षरीच्या सतरंजीवर हजर.

"काय बघितलंसा?" शिवबाईनं विचारलं.

"वसुधा म्हनून एक बाई हाय. सासरी छळ करत्यात. रडती."

"मग?"

"मग काय? बातम्या लागल्या."

एवढंच. संगप्पाकडनं याच्यापुढं कधी काही निघालं नाही. पण दुसऱ्या दिवशी परसात शिवबाईनं तव्याकडं बघत, कुणाला उद्देशून नाही असं दाखवत, सुरुवात केली, "पुण्याच्या टीव्हीत एक वसुधा हाय..." आणि बायकांचे हात थांबले. तिनं सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावला. नवऱ्याला मिशी दिली आणि आईपुढं तोंड नाही असं ठेवलं. "लुगडं कसलं हाय गं तिचं?" अंबुबाईनं विचारलं. संगप्पा म्हणाला होता, टीव्हीत सगळंच काळं-पांढरं. शिवबाई म्हणाली, "हिरवंगार."

त्या आठवड्यापासून शिवबाईला परसात जागा झाली. तिच्या त्या दांडग्या गळ्याचं पहिल्यांदा चीज झालं. सासूचं ओरडणं तर असं वठवायची की वेशीवरचा पानवाला आत डोकावून जायचा. संगप्पाची ड्यूटी पुण्याला लागली नाही तर ती स्वतःच्या मनानं पुढचं सांगायची, कुणाला काय कळतंय? बायका वसुधासाठी रडायला लागल्या. म्हातारी अंबुबाई तर एकदा म्हणाली, "त्या पोरीला कुनी तरी दोन घास खाऊ घाला गं, सकाळधरनं उपाशी हाय ती."

आणि त्या टोकाकडनं हेमावती डोळे पुसत म्हणाली, "अगदी माजंच चालवलंय बगा त्यांनी. माज्यासारखीच सोसती बिचारी."

बायकांनी माना डोलावल्या. शिवबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ह्या रांडेनं माझी लेक बसवून ठेवली आणि आता माझ्याच गोष्टीत नायिका होऊन बसती व्हय? तिच्या हातातली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. आणि त्या फाटक्या भाकरीकडं बघताना तिला सुचलं. हिला वसुधा व्हायचंय ना? होऊ दे. वसुधा माझ्या हातात हाय.

पुढच्या वेळी तिनं घाई केली. वसुधानं सासूच्या पाटल्या चोरल्या आणि माहेरी पाठवल्या, असं सांगून टाकलं. अहो, परसात काय गहजब झाला! "न्हाय, न्हाय, ती असलं करायचीच न्हाय." "सासूनंच लपीवल्या असत्याल." गंगम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुज्या नवऱ्याला म्हनावं, चष्मा घाल." शिवबाईला पुढच्या वेळी पाटल्या सासूच्या उशाखालनं काढून द्याव्या लागल्या. बायकांना वसुधा आणखीच प्यारी झाली.

शिवबाई चरफडली. पण ती येडी नव्हती. चार दिवस तिनं नुसत्या बायकांच्या तोंडांकडं बघितलं. जिच्यावर लोकांचा जीव बसतो तिनं चोरी केली तरी लोक तिची बाजू घेतात, हे तिला कळलं. वाईट करून वसुधा पडणार नव्हती. मग ती पडणार कशानं? ह्याच विचारात तिला पिठाचा हात धुवायचं भान राहायचं नाही. शेवटी तिनं ठरवलं की वसुधाला काही म्हणजे काही करायला लावायचं नाही. तिला नुसतं रडू द्यायचं. मनसोक्त. आणि तिच्या रडण्याची किंमत शेजारच्या माणसानं भरायची.

मग वसुधाच्या घरी सखू नावाची मोलकरीण आली. वसुधाच्या हातनं दूध उतू गेलं, वसुधा रडली, आणि सासूनं सखूला घालवून दिलं. वसुधा सखूसाठीही रडली, पण "दूध मी उतू घातलं" असं काही म्हणाली नाही. मग नणंदेचं लग्न ठरलं. ऐन हळदीत वसुधाला आपलं माहेर आठवलं, ती रडली, सगळं वऱ्हाड तिच्याभोवती गोळा झालं, आणि नवरी एकटी ओल्या हळदीनं कुडकुडत बसली. मग सासू आजारी पडली. वसुधा तिच्या पायाशी बसून इतकी रडली की घरचे सगळे वसुधालाच पाणी देत राहिले आणि म्हातारीला काढा कुणी दिला नाही. वसुधा कधी हसली नाही. कधी कुणाला टाकून बोलली नाही. कधी "माझं चुकलं" म्हणाली नाही, कारण तिचं कधी चुकायचंच नाही.

ह्या सगळ्यात शिवबाईनं एक बारीक गोष्ट घातली. रडायच्या आधी वसुधा एकदा आजूबाजूला बघायची, कोण कोण आहे ते. मग पदराचं टोक आधी उजव्या डोळ्याला. मग एक लांब श्वास, "देवा रे", आणि मग धार. हे सगळं हेमावतीचं, तिळमात्र फरक न करता उचललेलं. शिवबाई ते करून दाखवायची आणि हेमावती त्या टोकाला बसून बघायची. तिला कळतही नव्हतं. माणसाला आपला चेहरा कुठं ठाऊक असतो?

आधी बायका गप्प झाल्या. वसुधा रडायला लागली की पूर्वी हात थांबायचे, आता थापणं चालूच राहायचं. मग एक दिवस कुणी तरी मधेच विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. त्या सखूचं काय झालं?" शिवबाईला आतून गुदगुल्या झाल्या. आणि उन्हाळा लागता लागता म्हातारी अंबुबाईच पिठाचा हात झटकून ओरडली, "अगं ए भवाने, ऊठ की! दोन भाकरी थाप! सदानकदा काय त्या डोळ्यास्नी पदर?" सगळं परस हसलं. सासूची बाजू घेऊन बायका बोलायला लागल्या. "म्हातारी तोंडानं फाटकी हाय, पन मनात काय ठिवत न्हाय" असं कुणी तरी म्हणालं, आणि शिवबाईला वाटलं, हे आता आपल्याबद्दलच बोलतायत. त्या दिवशी तिनं घरी जाऊन शेंगाची चटणी ताजी कांडली आणि नवऱ्याला दोनदा वाढली.

फळ पिकलं ते एका मंगळवारी. हेमावतीच्या नवऱ्याला, नागप्पाला, गिरणीतनं काही दिवस घरी बसवलं होतं. बोलता बोलता तो विषय निघाला. हेमावतीनं आजूबाजूला बघितलं. पदराचं टोक उजव्या डोळ्याला लावलं. लांब श्वास घेतला.

"आली गं बाई वसुधा," कोपऱ्यातनं कुणी तरी म्हणालं.

आधी एकजण फिसकन हसली, मग दुसरी, मग गंगम्मासुद्धा तोंडाला पदर लावून हलायला लागली. हेमावतीचा पदर तसाच डोळ्याशी राहिला. ती सगळ्यांकडं बघत होती. कुणी जवळ आलं नाही, कुणी "अगं बाई गं" म्हणालं नाही. आणि मग तिनं शिवबाईकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. शिवबाईनं नजर वळवली नाही. उलट दात दाखवले. उठून फुगडी घालावी असं तिला वाटत होतं.

त्यानंतर हेमावतीचं नावच वसुधा पडलं. नळावर वसुधा, पिठाच्या गिरणीत वसुधा. तिचा मुलगा तापानं फणफणला तेव्हासुद्धा शेजारीण म्हणाली, "वसुधाचं कायतरी चाललंय." शिवबाईनं ते ऐकलं. मुलाचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्याखाली गार गार वाटत होतं ते काही केल्या जात नव्हतं.

एक दिवस दिवेलागणीला हेमावती दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"अक्का, पुरं करा आता. माजं चुकलं. माढ्याच्या लोकांपुढं मी मुद्दाम रडले. म्हानंदा माज्या मांडीवर वाढलीया, तिच्यात काय खोट न्हाय. म्हनाल तितं, म्हनाल तेच्यापुढं सांगते."

"आता सुचलं व्हय?" शिवबाई म्हणाली. "माजी लेक वर्सभर भिंतीकडं तोंड करून झोपली, तवा कुटं गेली हुतीस?"

"चुकलं म्हन्ते की, अक्का."

"जा. लई बगितली तुजी चूक."

हेमावती गेली. आतनं महानंदा म्हणाली, "आई, काकू खरं बोलत हुती." शिवबाईनं तिला गप्प बसवलं. पण तिच्या मनात भलतीच भीती उभी राहिली. ही बया उद्या परसात सगळ्यांपुढं माफी मागेल, दोन टिपं गाळेल, आणि बायका परत विरघळतील. एवढी मेहनत मातीत जाईल. छे! दार एकदा बंद केलंय ते खिळे मारूनच बंद करायचं.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं असा भाग सांगितला की तसा तिनं आधी कधीही सांगितला नव्हता. वसुधा सगळ्यांची माफी मागते. नणंदेच्या नव्या स्थळाच्या लोकांपुढं बसून रडत रडत म्हणते, माझंच चुकलं, आमची पोर सोन्यासारखी आहे. लोक भुलतात, पोरगी करून नेतात. "आनि मग कळतंय," शिवबाई आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीला फिट्स येत्यात. वसुधाला ठावं हुतं. पोरीच्या सासरचं वाटोळं व्हावं म्हनून बयेनं रडत रडत गुन गायले. ध्यानात ठिवा, रडनारी बाई शिव्या देती तवर बरी. गुन गायला लागली की सांबाळा."

"अगं आई गं!" असं परसातल्या बायका एका सुरात म्हणाल्या. त्यांच्यात गंगम्माची एक पाहुणी होती, निंगव्वा. मूळची अक्कलकोटकडची, दिली होती मोडनिंबला, तिथं किराणा दुकान होतं. ती दोन दिवसांसाठी आलेली. तिनं भाकरीचा तुकडा हातातच धरून सगळी गोष्ट ऐकली. शिवबाईला वाटलं, काय चांगली ऐकणारी आहे!

निंगव्वा ऐकायला बसली होती तेवढंच नाही, बघतही होती. महानंदा घागर घेऊन परसातनं जाता-येता तिच्या डोळ्यांत भरली होती. चार दिवसांनी गंगम्मा शिवबाईच्या घरी धावतच आली. निंगव्वाचा थोरला मुलगा लग्नाचा होता. दुकान सांभाळायचा, व्यसन नाही, स्वभावानं गाय. निंगव्वा गुरुवारी पोरगी बघायला येणार होती.

शिवबाईनं देवाला नारळ फोडला. महानंदा वर्षभरात पहिल्यांदा आरशापुढं थांबली. मुलगा तिला आवडला होता. खानावळीत आईला घ्यायला आला तेव्हा त्यानं तिच्या हातची घागर उतरवून दिली होती. हे तिनं आईला सांगितलं नाही, पण शिवबाई आईच होती, तिला दिसलं.

गुरुवारी मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. मुलगा मान खाली घालून हसत होता. निंगव्वानं कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "चुलती कुटं हाय?"

शिवबाईला माढ्याची आत्या आठवली. रीत ती रीत. चुलती नाही म्हणावं तर लोक उलट संशय घेणार. आणि हेमावती तर बोलावल्याशिवाय आलीच होती, चुलीपाशी भांडी आवरत होती. निंगव्वा आत गेली. शिवबाई दाराआड उभी राहिली.

"पोरगी कशी हाय, बाई? खरं सांगा."

"सोन्यासारखी हाय," हेमावती म्हणाली. "डोळे झाकून करा. बाई, तुमास्नी खरं सांगते, मागं माढ्याचं स्थळ आलं तवा मी पाप केलं. माज्या बहिनीसाटी. पोरीचं वर्स वाया घालीवलं मी." तिचा आवाज फुटला. ह्या वेळी तिनं आजूबाजूला बघितलं नाही. पदरही हाताशी आला नाही. नाक, डोळे, सगळं वाहत होतं, आणि ती तशीच बोलत होती, "लई गुनाची हाय हो माजी म्हानंदा. घेऊन जावा तिला."

शिवबाईनं दाराआडून ते बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा हेमावतीच्या रडण्यावर तिचा विश्वास बसला. आणि त्याच वेळी तिला निंगव्वाचं तोंड दिसलं. ते हळूहळू मिटत चाललं होतं.

"बरं बरं," निंगव्वा म्हणाली. "रडू नगा." आणि उठली.

शिवबाई आत घुसली. "निंगव्वा, ती खरं बोलतीया! शप्पत, खरं बोलतीया ती."

"तुमीच सांगितलं न्हवं त्या दिवशी? रडनारी बाई गुन गायला लागली की सांबाळा म्हनून?" निंगव्वा शांतपणे म्हणाली. "मी तवाच मनात धरून ठिवलं. टीव्हीत दाखवत्यात ते काय उगाच असतंय?"

"ते टीव्हीत न्हवतं." शिवबाईचा तो दांडगा गळा पार बसला होता. "ते मी रचलं. मनानं. हिच्यावर सूड उगवायचा म्हनून. माज्या लेकीला फिट न्हाय, काय न्हाय. पायजे तर डाक्टरला दाखवा."

निंगव्वानं दोघी जावांकडं बघितलं. एक रडत होती, एक हात जोडून उभी होती. तिला राग आला नव्हता, उलट दया आली असावी. त्यामुळंच ते जास्त लागलं.

"पोरीत खोट नसंल बी," ती म्हणाली. "पन पोरगी करताना घर बगत्यात, शिवबाई. एक रडून लगीन मोडती, एक गोष्टी रचून मानसं मोडती. उद्या माज्या घरात कायबी झालं तर तुमी कसली गोष्ट सांगत बसाल, मला काय ठावं?"

तिनं बाहेर जाऊन मुलाला खूण केली. मुलगा उठला. दारातून त्यानं एकदा मागं बघितलं, पण आईच्या मागं निघून गेला. महानंदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पहिलं स्थळ काकूनं मोडलं," ती म्हणाली. "तवा मी तुज्याकडं बगून गप्प बसले. आता कुनाकडं बगू, आई?"

महानंदानं पोह्याच्या बशा उचलल्या आणि धुवायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी परसात सगळ्या बायका वेळेवर आल्या. सगळ्यांना सगळं कळलं होतं. गल्लीत काय लपून राहतं? शिवबाई आपल्या काठवटीपाशी बसली, पहिली भाकरी तिनं तव्यावर टाकली. नुसतं थप थप थापणं.

मग त्या टोकाकडनं हेमावतीचा आवाज आला. कोरडा, खणखणीत, तिचा वाटू नये असा.

"सांगा की, अक्का. पुढं वसुधाचं काय झालं?"

बायकांचे हात थांबले. सगळ्यांनी शिवबाईकडं बघितलं. तिनं सांगायला तोंड उघडलं. आतून काही तरी फुटून वर आलं, आणि ज्या बाईला जन्मात कधी रडता आलं नव्हतं ती पिठाच्या हातानं तोंड झाकून ढसाढसा रडायला लागली. माजी लेक, माजी लेक, एवढंच तिच्या तोंडातनं येत होतं.

एकही बाई जागची हलली नाही. कुणी कुणाकडं बघितलं, कुणी ओठ मुडपले. अंबुबाईनं पिठाचा उंडा काठवटीत आपटला आणि थापायला घेतला. तिच्या मागोमाग दुसरीनं, मग तिसरीनं. हेमावतीनंही तवा पुसून चुलीवर ठेवला.

"शिवबाई," गंगम्मा म्हणाली, "तुजी भाकरी करपाय लागलीया बग."